उरले चार तास तीस मिनिटं

लोणार तालुक्यात ही सकाळ कुठल्याही गावात उजाडू शकते. खालच्या मजकुरातले आबा म्हणजे कुणी एक ओळखीचा माणूस नव्हे. लकव्याच्या रुग्णांच्या बाबतीत आपल्याकडे जे वारंवार होतं, ते एका माणसावर आणि एका सकाळीवर बसवलं आहे. वय बासष्ट, चार एकर कोरडवाहू आणि एक एकर विहिरीखाली. मेंदूत त्या-त्या मिनिटाला काय होतं आणि ते थांबवायला जगभरच्या प्रयोगशाळांनी काय करून पाहिलं, तो भाग मात्र नोंदलेला आहे.

तीन आठवडे आधी

बीपीच्या गोळ्यांची पट्टी संपली. संपली त्या दिवशी आबांना काहीच वेगळं वाटलं नाही; दुसऱ्या दिवशीही नाही. बीपीचा त्रास हाच, की त्याचा त्रास होत नाही. सोयाबीनचा भाव पडलेला, त्यात गोळ्या आणायला तालुक्याला जायचं म्हणजे अर्धा दिवस. ‘आता बरं वाटते, कायले उगं गोळ्या खायच्या?’ हा प्रश्न बिनतोड होता.

मेंदूच्या पेशी वाचवण्यासाठी आजवर जेवढी औषधं शोधली गेली, त्यांत सगळ्यात भक्कम पुरावा या साध्या गोळीच्या बाजूनं आहे. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते. तिच्यावर कुणी पेटंट घेत नाही आणि तिची बातमीही होत नाही. आपल्या घटनाक्रमाचं पहिलं पान इथेच उलटलं, म्हणून ही नोंद आधी.

रात्री २:००

शेतीपंपाची लाईट या आठवड्यात रात्रपाळीची. हरभऱ्याला पाणी द्यायचं म्हणून आबा बॅटरी घेऊन निघाले. डिसेंबरातली थंडी, अंगावर घोंगडं, तोंडात तंबाखूचा बार. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, दाब चढतो. पहाटे ते दुपार या वेळात पक्षाघाताचं प्रमाण जास्त असतं, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलेलं आहे. आबा साडेपाचला घरी आले, चुलीजवळ शेकत बसले.

सकाळी ६:१० (उरले ४ तास ३० मिनिटं)

सुनेनं चहा दिला. आबांनी बशीत ओतला, बशी उचलली, आणि ती उजव्या हातातून तिरकी होत गेली. पडली नाही, हळूहळू कलली आणि चहा धोतरावर सांडत राहिला. आबा त्याकडे पाहत होते. चटका बसल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर आलंच नाही.

‘आबा, चहा सांडू राहिला ना!’ मुलगा म्हणाला. आबांनी उत्तर दिलं, पण ते उत्तर शब्दांत नव्हतं. तोंडाचा उजवा कोपरा खाली आला होता. आबांची बायको म्हणाली, ‘अवो, बोला ना नीट. असं काहून करू राहिले?’

घड्याळात कुणीच पाहिलं नाही. दूधवाल्याची गाडी नुकतीच हॉर्न देऊन गेली होती, एवढं सुनेच्या लक्षात राहिलं. पुढे तीन तास दहा मिनिटांनी एक डॉक्टर नेमकं हेच विचारणार आहे.

६:१२

मानेतून वर जाणाऱ्या डाव्या रोहिणीतून सुटलेली एक गुठळी मेंदूच्या मधल्या धमनीच्या फांदीत जाऊन बसली आहे. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण विश्रांतीतही शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी पाचवा हिस्सा तो एकटा खातो, आणि साठवून जवळजवळ काहीच ठेवत नाही. रोजच्या रोज कमावून रोज खाणारा हा अवयव. रक्त थांबलं की दोन-चार मिनिटांत तिजोरी रिकामी.

प्रत्येक पेशीच्या कडेला सोडियम बाहेर फेकणारे आणि पोटॅशियम आत ओढणारे सूक्ष्म पंप असतात. ऊर्जा संपली की ते थांबतात, आणि लाईट गेल्यावर विहिरीतलं पाणी जसं गुपचूप आपली पातळी गाठतं तसं बाहेरचं सोडियम आत घुसतं. पेशी फुगते. तिच्या टोकांना साठवलेलं ग्लुटामेट एकदम बाहेर सांडतं.

ग्लुटामेट हा एरवी मेंदूतला कामाचा निरोप्या. शिकणं, आठवणं, हात उचलणं, सगळं त्याच्यावर चालतं. पण एकदम जास्त झाला की तो शेजारच्या पेशींची दारं सताड उघडी ठेवतो, कॅल्शियम आत लोटतं आणि पेशी स्वतःचीच प्रथिनं कुरतडायला लागते. अमेरिकेतल्या जॉन ओल्नी यांनी १९६९ साली नवजात उंदरांना ग्लुटामेट टोचून हा प्रकार दाखवला, आणि अतिउत्तेजनानं पेशी मरते ही कल्पना रुजली.

विदर्भाला ही कल्पना परकी वाटायला नको. लाखोळीच्या डाळीत ओडॅप नावाचा एक घटक असतो. महिनोन् महिने तीच डाळ खाऊन राहिलेल्या दुष्काळातल्या माणसांचे पाय कायमचे लुळे पडत, आणि १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी आली. तो ओडॅप बसतो ते दार ग्लुटामेटचंच. आबांच्या डोक्यात आत्ता जे दोन मिनिटांत चाललंय, त्याच्याच जवळचं काहीतरी तिथे महिन्यांच्या संथ गतीनं होत असे.

गुठळीच्या अगदी पलीकडचा भाग काही मिनिटांत गेला. तो परत येणार नाही. त्याच्याभोवती मात्र मोठा पट्टा आहे, जिथे आजूबाजूच्या बारीक वाहिन्यांतून थोडं रक्त झिरपतंय. निरोगी मेंदूत शंभर ग्रॅमला मिनिटाला साधारण पन्नास मिलिलिटर रक्त जातं. ते विसाच्या खाली आलं की पेशी काम थांबवते. दहाच्या खाली गेलं की मरते. दहा ते विसाच्या मधला हा पट्टा गप्प असतो, मेलेला नसतो. १९७० च्या दशकात लंडनमध्ये लिंडसे सायमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बबून माकडांवर हे मोजलं. ॲस्ट्रप, सीशो आणि सायमन यांनी १९८१ च्या लेखात त्या पट्ट्याला ग्रहणातल्या पडछायेचं नाव दिलं. पेशी वाचवण्याचं सगळं संशोधन या पडछायेसाठी चाललेलं आहे. आबांचा उजवा हात आणि त्यांचे शब्द या क्षणी तिथे आहेत.

६:२५ (उरले ४ तास १५ मिनिटं)

‘वारं गेलं अंगावरून’ असं शेजारच्या म्हातारीनं निदान केलं. निदान अचूक होतं. उपाय म्हणून लसूण ठेचून तेलात कडवला, उजव्या हातापायाला चोळला. कुणी पारव्याच्या रक्ताच्या मालिशीचं नाव काढलं, कुणी झाडपाल्याचं औषध देणाऱ्या एका गावाचं. तोंडात पाणी घातलं, त्यातलं अर्धं ओघळलं आणि थोडं श्वासनलिकेत गेलं. आबांना ठसका लागला. लकव्यात गिळण्याचे स्नायूही बाद झालेले असू शकतात, आणि तसं पाणी फुप्फुसात जाऊन होणारा न्यूमोनिया पुढे कित्येकांचा जीव घेतो.

या घरातल्यांना अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते पटत नाही. छातीत कळ आली असती तर हीच माणसं दहा मिनिटांत गाडीत असती. हृदयाचा झटका दुखतो. मेंदूला स्वतःचं दुखणं कळत नाही, त्यामुळे लकवा झालेला माणूस शांतपणे बसून राहतो, आणि त्याच्या शांतपणानं घरही शांत राहतं. शिवाय लकव्यावर लगेच काही करता येतं, हे त्यांना कुणी कधी सांगितलेलं नाही.

अमेरिकेतले जेफ्री सेव्हर यांनी २००६ साली हिशेब मांडला: मोठ्या धमनीचा पक्षाघात उपचाराविना राहिला, तर सरासरी दर मिनिटाला १९ लाख न्यूरॉन, १,४०० कोटी जोडण्या आणि १२ किलोमीटर लांबीचे मज्जातंतू जातात. लोणारहून मेहकरच्या वाटेचं निम्मं अंतर, एका मिनिटात. लसूण कडवायला जेवढा वेळ लागला त्याचा गुणाकार वाचकांनी करावा.

७:०५ (उरले ३ तास ३५ मिनिटं)

१०८ ला फोन करायचा की गावातल्या एकाची बोलेरो काढायची, यावर चर्चा. १०८ ची सेवा २०१४ पासून राज्यभर आहे आणि नंबर सगळ्यांना पाठ आहे. पण ‘ती येईपर्यंत आपण पोचतो’ असं ठरलं. बोलेरोवाला आंघोळ करत होता.

मधल्या काळात सुनेनं एक चांगली गोष्ट केली. आबांना एका कुशीवर निजवलं आणि पाणी पाजणं बंद करायला लावलं. आशाताईंनी कधीतरी झटके येणाऱ्या मुलाबद्दल सांगितलेलं तिला आठवलं होतं.

७:४० (उरले ३ तास)

जवळच्या बाजारगावातला खासगी दवाखाना. डॉक्टर ओळखीचा, रात्री-अपरात्री उठणारा, उधारी ठेवणारा. बीपी मोजलं: १९०/१०४. घरच्यांनी तो आकडा पाहिला आणि त्यांना सगळं उमगलं. बीपी वाढलं म्हणून हे झालं, तर बीपी उतरवा. जिभेखाली एक गोळी गेली. आणि खांबाला सलाईन लागलं, साखरेचं.

हे दोन्ही आपल्याकडे इतक्या सर्रास होतं की त्यावर थोडं थांबायला हवं. पडछायेतल्या पेशी आत्ता जगताहेत त्या वाढलेल्या दाबावरच. मुख्य वाट बंद असल्यानं आडवाटांनी रक्त ढकलायला शरीरानंच दाब चढवलेला असतो. तो एकदम खाली आणला की आडवाटाही कोरड्या पडतात. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन द्यायचं असेल तर दाब १८५/११० च्या खाली, हळूहळू आणि मोजत आणायचा असतो. ते द्यायचं नसेल तर २२०/१२० पर्यंत सहसा हात लावत नाहीत. साखरेचंही तसंच. प्राणवायूविना साखर जळाली की आम्ल तयार होतं आणि अर्धमेल्या पेशींचा घास घेतं. रक्तातली साखर तपासून ती खूप कमी असेल तरच साखरेचं सलाईन, कारण साखर उतरल्यानंही हुबेहूब लकव्यासारखं दिसू शकतं. बोटाला एक टोचणी आणि एक पट्टी, एवढ्यात ते कळतं.

पण सलाईन लागलं की नातेवाइकांना उपचार सुरू झाल्यासारखं वाटतं, आणि ते न लावणाऱ्या डॉक्टरचा धंदा बसतो. हा दबाव त्या दवाखान्यात कायम असतो. पाऊण तास बाटली थेंब-थेंब उतरत राहिली.

८:३० (उरले २ तास १० मिनिटं)

‘मेहकरला न्या,’ डॉक्टर म्हणाला. बोलेरोची मागची सीट आडवी केली.

इथे जरा लॉस एंजेलिसला जाऊन येऊ. तिथल्या संशोधकांनाही नेमकी हीच वेळ छळत होती: रुग्ण गाडीत आहे, रुग्णालय लांब आहे, गुठळी आहे की रक्तस्राव हे स्कॅनशिवाय कळत नाही. मग असं एखादं औषध गाडीतच देता आलं तर, जे रक्त पातळ करत नाही, फक्त पेशीची दारं लावून घेतं? मॅग्नेशियम तसं होतं. कॅल्शियमची वाट अडवतं, स्वस्त आहे, बाळंतपणात झटक्यांसाठी वर्षानुवर्षं वापरात आहे. रुग्णवाहिकेतल्या कर्मचाऱ्यांनी १,७०० रुग्णांना दोन तासांच्या आत औषध किंवा नुसतं पाणी टोचलं. निम्म्यांना तर लक्षणं सुरू झाल्यापासून पाऊण तासातच. इतक्या लवकर जगात कुठेच कुणी पोचलं नव्हतं. २०१५ साली निकाल आला: फरक शून्य.

हा एकच निकाल नव्हे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००६ साली मोजदाद केली तेव्हा पक्षाघातासाठी प्रयोगांत वापरलेल्या उपचारांची संख्या १,०२६ भरली. त्यांतले कितीतरी उंदरांत उत्तम चालले होते. माणसात पेशी वाचवणारं एकही ठरलं नाही. एनएक्सवाय-०५९ नावाच्या औषधावर सगळ्यांनी आशा लावली होती. पहिल्या मोठ्या चाचणीत थोडा उजेड दिसला, दुसऱ्या ३,३०६ रुग्णांच्या चाचणीत तो विझला आणि कंपनीनं ते सोडून दिलं. आपल्याकडे लकव्याच्या जवळजवळ प्रत्येक चिठ्ठीवर दिसणारं सिटिकोलिन २०१२ साली २,२९८ रुग्णांवर तपासलं गेलं; तिथेही काही फायदा दिसला नाही. चिठ्ठीवरून ते अजून गेलेलं नाही.

असं का होतं याची उत्तरं हळूहळू आली. प्रयोगातला उंदीर तरुण, निरोगी, बीपी-शुगर नसलेला. त्याची धमनी ठरलेल्या मिनिटाला बांधतात, औषध काही मिनिटांत मिळतं, आणि बहुतेक वेळा धमनी परत सोडतातही. माणूस मात्र आबांसारखा. २०२० साली आलेलं एक स्पष्टीकरण मला फार आवडलं. उंदीर निशाचर, संशोधक दिवसा कामावर येतात तेव्हा तो झोपेच्या वेळेत असतो. त्या वेळेत त्याच्या मेंदूतली पडछाया जास्त टिकते. माणसांना पक्षाघात बहुधा जागेपणी होतो. उंदरांना त्यांच्या जागेपणाच्या वेळेत औषध दिलं, तर त्यांच्यावरही ते चाललं नाही.

सगळ्यात मोठं कारण मात्र साधं आहे. वाट बंद असताना दारं लावून किती वेळ काढणार? आधी रक्त पोचलं पाहिजे.

बोलेरो सुलतानपूर ओलांडून मेहकरच्या रस्त्याला लागली. आबांच्या घशातून घरघर येत होती.

९:२० (उरला १ तास २० मिनिटं)

मेहकर. इथल्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत तीन प्रश्न विचारले. त्यातला पहिला: ‘हे शेवटचे धडधाकट कधी होते? अंदाज नको, वेळ सांगा.’ मुलगा म्हणाला पहाटे, बायको म्हणाली दिवस उगवला तेव्हा. सून म्हणाली, दूधवाल्याच्या हॉर्ननंतर लगेच. दूधवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, तुमच्या दारी मी सहा-दहाला असतो, रोज.

ही वेळ इतकी महत्त्वाची का, त्याला कारण आहे १९९५ चं. अमेरिकेत ६२४ रुग्णांवर गुठळी विरघळवणाऱ्या अल्टेप्लेजची चाचणी झाली आणि पक्षाघातावर पहिल्यांदाच काहीतरी चाललं. तीन तासांच्या आत ज्यांना ते मिळालं, त्यांच्यात तीन महिन्यांनी जवळजवळ पूर्ववत झालेल्यांचं प्रमाण तीस टक्क्यांनी जास्त होतं. किंमतही होती: शंभरातल्या सहा जणांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. २००८ साली युरोपातल्या चाचणीनं तीन तासांची मर्यादा साडेचारवर नेली. आपलं घड्याळ ६:१० ला साडेचारपासून उलटं सुरू झालं ते म्हणून.

९:५५ (उरली ४५ मिनिटं)

सिटी स्कॅनचं केंद्र उघडायला थोडा वेळ गेला, पण स्कॅन झाला. रक्तस्राव नाही. डाव्या बाजूला किंचित धूसरपणा, अजून फार पसरलेला नाही. शुगर १८२. बीपी आता १४८/८८, म्हणजे सकाळच्या गोळीचा अंमल. इंजेक्शनला कुठलीच आडकाठी नाही आणि हातात पाऊण तास.

इंजेक्शन तिथे नव्हतं.

या लेखात मला एकच तक्रार करायची आहे, ती इथली. गुठळी विरघळवणारं नवं औषध टेनेक्टेप्लेज एकाच टोचणीत जातं; अल्टेप्लेजसारखा तासभर पंप लावावा लागत नाही. ते बनवणाऱ्या कंपन्यांपैकी जेनोव्हा ही पुण्याची, आणि भारतात पक्षाघातासाठी त्याला २०१६ सालीच मंजुरी मिळाली. अमेरिकेनं ती २०२५ मध्ये दिली. महाराष्ट्रात बनणारी, अमेरिकेच्या नऊ वर्षं आधी मंजूर झालेली सुई मेहकरच्या कपाटात असायला कुठलाही वैज्ञानिक अडसर नाही.

अडसर धास्तीचा आहे. मेंदूविकारतज्ज्ञ नसताना, शंभरात सहाचा धोका पत्करून, नातेवाईक दारात उभे असताना सुई टोचायची कुणी? ही धास्ती खोटी म्हणता येणार नाही. पण तिच्यावरचा उतारा हिमाचल प्रदेशानं करून दाखवला आहे. तिथे २०१४ पासून सिटी स्कॅन असलेल्या जिल्हा रुग्णालयांतल्या साध्या फिजिशियनना शिकवलं, औषध सरकारनं फुकट पुरवलं आणि स्कॅनचा फोटो मोबाईलवर पाहून वैद्यकीय महाविद्यालयातला तज्ज्ञ फोनवरून होकार-नकार देऊ लागला. डोंगराळ राज्य, आपल्याहून वाईट रस्ते. बुलढाण्याला २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. फोनच्या पलीकडे बसणारा एक माणूस आणि तालुक्याच्या फ्रीजमध्ये एक सुई, एवढीच मागणी आहे.

लोणारच्या सरोवराचं वय काढायला जगभरचे शास्त्रज्ञ इथे आले. अंदाज पन्नास हजार वर्षांपासून पाच लाख सत्तर हजारांपर्यंत गेले, आणि त्या फरकावर निबंधांमागून निबंध निघाले. त्यांचं काही चुकलं नाही. फक्त त्याच तालुक्यातल्या माणसाच्या पाऊण तासाचा अभ्यास करायला कुणी आलं नाही. गडचिरोलीत मात्र तो झाला. ‘सर्च’ या संस्थेत तेव्हा काम करणारे मेंदूविकारतज्ज्ञ योगेश्वर काळकोंडे आणि सहकाऱ्यांनी ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं तपासली, २०१५ साली छापलेल्या त्या अभ्यासात पक्षाघात हे मृत्यूचं पहिलं कारण निघालं, १४.३ टक्के. मलेरिया नाही, साप नाही. आणि त्या मृत्यूंपैकी ८७ टक्के घरीच झाले. गडचिरोलीत असं असेल तर बुलढाण्यात फार वेगळं असेल असं मानायला काही आधार नाही.

१०:१२ (उरली २८ मिनिटं)

रुग्णवाहिका छत्रपती संभाजीनगरच्या दिशेनं निघाली. मेहकरहून समृद्धी महामार्ग लागला की रस्ता मोकळा. मुलानं गाडीतूनच मेव्हण्याला पैशांसाठी फोन केला.

१०:४० (शून्य)

दुसरबीड मागे पडलं होतं, सिंदखेडराजा यायचं होतं. गाडीचा वेग शंभराच्या वर. आत काहीच घडलं नाही. आबांनी डोळे उघडे ठेवले होते.

२०२३ च्या १ जुलैला, मध्यरात्रीनंतर, याच पट्ट्यात पिंपळखुट्याजवळ खासगी बस पेटून पंचवीस प्रवासी गेले. देश हळहळला, मंत्री आले, चौकशा झाल्या. व्हायलाच हव्या होत्या. त्याच महामार्गावर रोज कुणाचे ना कुणाचे साडेचार तास संपत असतील. त्याचा पंचनामा होत नाही.

साडेचारचा आकडा म्हणजे दरवाजा धाडकन बंद होणं नव्हे, हेही सांगायला हवं. पडछाया माणसागणिक वेगळी. कुणाच्या आडवाटा चांगल्या असतात, कुणाच्या नसतात. पण बहुतेक ठिकाणी सुईसाठी हीच रेघ पाळली जाते, कारण तिच्यापुढे फायदा घटत जातो आणि रक्तस्रावाचा धोका तसाच राहतो.

१२:०५

मोठं रुग्णालय. दुसरा स्कॅन. सकाळी धूसर दिसलेला भाग आता स्पष्ट काळा, आणि त्याची कड बाहेर सरकलेली. मांडीच्या धमनीतून जाळीची तार वर नेऊन गुठळी ओढून काढण्याचा उपाय आहे. २०१५ मध्ये लागोपाठ पाच चाचण्यांनी तो सिद्ध केला आणि २०१८ मध्ये निवडक रुग्णांसाठी मुदत चोवीस तासांपर्यंत गेली. पण तो मोठ्या धमनीसाठी, आणि वाचवण्याजोगा भाग शिल्लक असेल तर. आबांची गुठळी बारीक फांदीत होती, आणि शिल्लक फार थोडं होतं.

ॲस्पिरिन सुरू झालं. कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाली.

डॉक्टरांनी आणखी एका औषधाचं नाव घेतलं. सोव्हाटेल्टाइड, भारतात २०२३ साली मंजूर झालेलं, चोवीस तासांच्या आत देता येणारं. पेशी वाचवणं आणि मेंदूच्या दुरुस्तीला हात देणं, असा त्याचा दावा. भारतात झालेल्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत फायदा दिसला. रुग्ण होते १५८. ज्या क्षेत्रात तीन हजारांच्या चाचणीत आशा मावळल्या, तिथे १५८ वर किती विसंबायचं हा प्रश्न मला पडतो. मोठी चाचणी होईपर्यंत ‘बहुधा’ एवढंच म्हणावं. खर्च विचारून मुलगा बाहेर गेला, फोनवर बोलला, परत आला आणि ‘द्या’ म्हणाला.

सायंकाळी ६:१०

बारा तास झाले. मेंदूत आता दुसराच अंक चालू आहे. मेलेल्या पेशींची साफसफाई करायला आलेल्या पांढऱ्या पेशी जिवंतांनाही ओरबाडतात. सूज वाढते आणि ती तिसऱ्या-चौथ्या दिवशी सर्वात जास्त असेल. काही पेशी लगेच मेल्या नाहीत, पण आतून मोडून पडण्याचा निर्णय त्यांनी घेतलेला आहे आणि तो अमलात यायला दिवस लागतील. पक्षाघातानंतर स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो तो काही अंशी यातून. एक झटका संपला तरी ऱ्हास संपलेला नसतो. इथे पक्षाघाताचं संशोधन अल्झायमर आणि पार्किन्सनच्या संशोधनाला जाऊन मिळतं. तिथेही अडचण तीच: पेशी मरायला लागल्याचं कळतं तेव्हा बऱ्याच गेलेल्या असतात.

नर्सनं चमच्यानं पाणी देऊन गिळण्याची चाचणी घेतली. आबांना पुन्हा ठसका लागला, म्हणून नाकातून नळी घातली. उजवा पाय थोडा हलत होता, हात नाही. बायको हाक मारी तेव्हा ते तिच्याकडे बघत, आणि प्रत्येक प्रश्नाला एकच आवाज काढत.

राउंडला आलेल्या डॉक्टरांना मुलानं बाजूला घेतलं. पीककर्जाचं नूतनीकरण मार्चअखेर करायचं होतं, सातबारा आबांच्या नावावर, सही आबांची. ‘सही येईल का हो तोवर?’

डॉक्टर म्हणाले, उजव्या हाताचं तीन महिन्यांनी सांगता येईल, भाषेचं सहा. तोवर डाव्या हाताचा अंगठा चालतो का, बँकेत विचारा, साक्षीदार लागतील. आमच्याकडून दाखला घेऊन जा. आणि मग, फाईल बंद करता करता, त्यांनी मुलाला विचारलं, त्यांच्या बीपीच्या गोळीचं नाव काय होतं, आणि ती कधीपासून बंद आहे.